दर खेपेला पोतं कशाला ओतायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच दुखण्याची निघाली: मोठ्या यादीतून हवी ती ओळ पटकन कशी काढायची. म्हणून प्रिंटर, पासवर्ड आणि पोराच्या गेमिंगच्या तक्रारी पुढच्या अंकावर ढकलते आहे. रागावू नका.

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. माझं इचलकरंजीत कापडाचं दुकान आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पार्सलं कुरिअरनं जातात. यूट्यूब बघून पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती पत्त्यातला पिनकोड हुडकते, टपाल कार्यालयांच्या यादीत बघते, गिऱ्हाईक जुनं असेल तर मागचा पत्ता काढते आणि पार्सलवर चिकटवायचं लेबल तयार करते. टपालाची यादी दीड लाख ओळींची आणि माझ्या जुन्या पार्सलांची साडेतीन लाख. दोन्ही सीएसव्ही फाइली, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेल्या. स्क्रिप्ट सुरू झाली की या फाइली वाचून, पत्ते साफ करून डिक्शनरीत (किल्ली दिली की तिची नोंद देणाऱ्या मेमरीतल्या यादीत) भरायला २६ सेकंद जातात. पुढचं काम दोन सेकंदांत उरकतं. दिवसात दोनशे वेळा ही स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट संपली तरी यादी मेमरीत तशीच राहील, असं काही करता येतं का? लॅपटॉप जुना आहे, विंडोज आहे, मेमरी ८ जीबी.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी तुमचा हिशेब मी करते. २०० गुणिले २६ म्हणजे ५,२०० सेकंद. दिवसाला जवळपास दीड तास तुमचा लॅपटॉप नुसती यादी वाचतो आणि फेकून देतो.

तुम्ही विचारलंत त्याचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. स्क्रिप्ट संपली की तिला दिलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम काढून घेते. लॉजची खोली सोडल्यावर आपण दोरीवर वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी तिथं नसतो, त्यातलाच प्रकार. पण मी म्हणते, यादी मेमरीत हवीच कशाला? एका पार्सलासाठी तुम्हाला लागते एक ओळ, फार तर पंधरा-वीस. मूठभर शेंगदाण्यांसाठी तुम्ही अख्खं पोतं ओटीवर ओतता, मूठ भरून घेता आणि बाकीचे उकिरड्यावर टाकता. पुढच्या मुठीला नवं पोतं.

मी १९९३ पासून तेवीस वर्षं एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (म्हणजे संगणक) विभागात होते. सुरुवातीला वजनकाट्यावर फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस चालायचा. ३८६ मशीन, ४ एमबी मेमरी, सभासद अठ्ठावीस हजार. बैलगाडी काट्यावर चढली की गाडीवान चिटबॉयनं दिलेली चिठ्ठी खिडकीतून आत सरकवायचा. ऑपरेटर सभासद क्रमांक टाकायचा आणि एंटरवरचं बोट उचलायच्या आत नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, सगळं हिरव्या अक्षरांत समोर. चार एमबीत ती यादी मावणं शक्यच नव्हतं. मावत नव्हती म्हणून ती मेमरीत भरायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डीबीएफ फाइलीच्या शेजारी तिची सीडीएक्स फाइल असायची, म्हणजे अनुक्रमणिका. ‘सीक’ म्हटलं की फॉक्सप्रो त्या अनुक्रमणिकेत दोन-चार ठिकाणी डोकावून नेमक्या ओळीवर जाऊन बसायचं. तलाठ्याला एक सातबारा हवा असला तर तो सगळं दप्तर वाचत बसत नाही, गट नंबर बघून तेवढंच पान उघडतो. आता आठ जीबी हाताशी आली आणि आपण दप्तर रोज दोनशे वेळा पहिल्या पानापासून वाचायला लागलो.

तुमच्यासाठी आजची सीडीएक्स म्हणजे एसक्यूलाइट. वेगळं काही बसवायला नको, २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीपासून ते पायथनच्या पोटातच आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते बांधलं, तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरच्या एका सॉफ्टवेअरचं काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅम लंगडा व्हायचा. म्हणून सर्व्हरच नसलेला, एका साध्या फाइलीत राहणारा डेटाबेस. सांभाळायला माणूस लागत नाही. तुमच्या दुकानाला हेच हवं.

आता काम दोन स्क्रिप्टांत तोडा. पहिली ‘भरणारी’: दोन्ही सीएसव्ही वाचते, पत्ते साफ करते, एसक्यूलाइटच्या फाइलीत टाकते, इंडेक्स (अनुक्रमणिका) बांधते. ही २६ सेकंद घेईल, कदाचित चाळीस. घेऊ द्या, ती महिन्यातून एकदा चालणार. दुसरी ‘लेबलवाली’: फाइल उघडते, पिनकोड देऊन ‘सिलेक्ट’ करते (म्हणजे तेवढ्याच ओळी मागते), लेबल बनवते, संपते. एसक्यूलाइट फाइलीची पानं ठरावीक मापाची असतात, हल्ली बहुधा ४,०९६ बाइटची. लाखांत ओळी असल्या तरी इंडेक्सच्या झाडाला तीन-चार पायऱ्याच असतात. म्हणजे एका शोधाला इंडेक्सची तीन-चार पानं आणि प्रत्यक्ष ओळ जिथं आहे तिथली तितकीच. सगळी मिळून तीसएक हजार बाइट वाचून तुमचं काम होतं.

आणि मेमरीत राहायचं म्हणाल तर ती पानं तिथं आपोआप राहतात. नुकत्याच वाचलेल्या फाइलींची पानं विंडोज रिकाम्या मेमरीत धरून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कॅश्ड’ असा आकडा दिसतो, तो हाच. सकाळचा पहिला शोध डिस्कवरून येईल, दुसऱ्यापासून बहुतेक मेमरीतूनच. तुम्ही जे मागत होता ते ऑपरेटिंग सिस्टीम फुकटात करतच होती. सीएसव्ही वाचतानासुद्धा करत होती. तुमचे २६ सेकंद डिस्कवर जातच नव्हते. पाच लाख ओळी स्वल्पविरामावर तोडणं, प्रत्येक तुकड्याची पायथन-वस्तू बनवणं, पत्ता साफ करणं, यात ते जात होते. पायथनमध्ये रिकाम्या स्ट्रिंगलासुद्धा चाळीस-पन्नास बाइट लागतात. साधा ‘४१६११५’ लिहिला तरी त्याच्याभोवती वेष्टणच जास्त.

भरणारी स्क्रिप्ट लिहिताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

लूपच्या आत दर ओळीला ‘कमिट’ (म्हणजे लिहिलेलं पक्कं) करू नका. फिरत्या डिस्कवर एसक्यूलाइट सेकंदाला काही डझनच कमिट करू शकतं, कारण दर वेळी ते डिस्कवर खरोखर लिहून झाल्याची वाट बघतं. त्या हिशेबानं तुमच्या पाच लाख ओळींना तासन्तास लागतील आणि तुम्ही मला शिव्या घालणारं पत्र लिहाल. सगळ्या ओळी घाला, शेवटी एकच कमिट. इंडेक्सही सगळं भरून झाल्यावर बांधा.

दुसरं, पिनकोडला प्रायमरी की (एका किल्लीला एकच ओळ) करू नका. मला शंका आहे की तुमच्या आत्ताच्या डिक्शनरीतही हा घोटाळा आहे. देशात पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास आणि टपाल कार्यालयं दीड लाखावर. एका पिनखाली अनेक गावं. डिक्शनरीत पिन ही किल्ली ठेवलीत तर शेवटची ओळ आधीच्या सगळ्यांवर बसते आणि पायथन चकार शब्द काढत नाही. तुमच्या लेबलांवर गावाचं नाव चुकतं का, ते एकदा बघाच. पिनवर साधा इंडेक्स बांधा, येतील तितक्या ओळी घ्या आणि त्यांतून गाव निवडा. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्राच्या दळणवळण खात्यात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतात कविता करायचे. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणारा माणूस वृत्तात लिहिणारा असावा, याचं मला नवल वाटत नाही.)

तिसरं, दोन याद्या दोन वेगळ्या फाइलींत ठेवा. टपालाची यादी क्वचित बदलते. तुमची पार्सलं रोज वाढतात. पार्सलांच्या फाइलीत लेबलवाली स्क्रिप्टच जाता जाता एक ओळ घालेल. टपालाची फाइल मात्र नव्या नावानं पूर्ण बांधायची आणि शेवटी ‘ओएस डॉट रिप्लेस’ करून जुनीच्या जागी बसवायची. म्हणजे अर्धवट भरलेली यादी कुणाच्या हाती लागत नाही. विंडोजवर दुसऱ्या स्क्रिप्टनं उघडून ठेवलेली फाइल अशी बदलता येत नाही, चूक दाखवतं. शटर ओढल्यावर करा.

सगळं झालं की परीक्षा घ्या. तुमच्या ‘सिलेक्ट’च्या आधी ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ हे शब्द लावून ते चालवा. उत्तरात ‘सर्च’ आलं तर इंडेक्स वापरला जातोय. ‘स्कॅन’ आलं तर पोतं पुन्हा ओतलं जातंय, फक्त आता एसक्यूलाइट ओततंय. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की शोधताना स्तंभावर एखादं फंक्शन लावलेलं असतं, किंवा ‘लाइक’नं (अर्धवट शब्दावर) शोधताना टक्क्याचं चिन्ह शब्दाच्या आधी टाकलेलं असतं. साफसफाई भरतानाच करून ठेवा, शोधताना नको.

आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘इम्पोर्ट पांडास’ (तक्ते हाताळायचं पायथनचं भलंमोठं तयार पॅकेज) असेल तर तेही काढा. यूट्यूबवाले प्रत्येकाला ते घ्यायला लावतात. जुन्या लॅपटॉपवर ते नुसतं आत यायलाच एक-दोन सेकंद खातं. तुमचे उरलेले दोन सेकंद बहुधा तेच आहेत.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे. प्रकल्पासाठी मोठी डिक्शनरी दर वेळी सीएसव्हीतून बनवत होतो. आता पिकल करून ठेवली, वीस सेकंदांवरून सहावर आलो. अजून कमी होईल का? मित्र म्हणतो पिकल धोकादायक आहे. खरं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पिकल म्हणजे लोणचं: मेमरीतली वस्तू पायथन जशीच्या तशी फाइलीत मुरवून ठेवतं. नाव अगदी बरोबर आहे. मोसमात घातलं की वर्षभर मुरतं. पण तुमचं जेवण म्हणजे एक फोड, आणि तुम्ही दर वेळी बरणी उलटी करताय. तोडणं आणि साफ करणं वाचलं म्हणून वीसाचे सहा झाले. वस्तू मात्र सगळ्याच्या सगळ्या पुन्हा बनतातच, ते सहा सेकंद त्यांचे. लोड करण्यापुरता गार्बेज कलेक्टर (नको झालेल्या वस्तू हुडकून मेमरी मोकळी करणारा) बंद ठेवून बघा (‘जीसी डॉट डिसेबल’, आणि काम झाल्यावर आठवणीनं ‘एनेबल’). आत खूप लिस्टा आणि डिक्शनऱ्या असतील तर बराच फरक पडतो. पण तो पोतं जरा लवकर ओतण्याचाच उपाय.

तुम्हाला एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) नको असेल तर पायथनमध्येच ‘शेल्व्ह’ आहे. वापरायला डिक्शनरीसारखं, पण डिस्कवर, आणि मागाल तेवढीच किल्ली वाचतं. किल्ली मात्र स्ट्रिंगच हवी. त्याच्या पोटात डीबीएम नावाची जुनी चीज आहे. केन टॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी ती १९७९ मध्ये लिहिली. तुमचा प्रश्न माझ्या नोकरीपेक्षाही जुना आहे, हे यावरून कळावं. पायथन ३.१३ पासून डीबीएमच्या आत आपसूक एसक्यूलाइटच येतं, म्हणजे फिरून आपण पहिल्या उत्तरावर.

यादी एकदा बनली की कधीच बदलणार नसेल तर डॅनियल बर्नस्टाइन यांचा सीडीबी हा छोटा डेटाबेस बघा. किल्ली दिली की जास्तीत जास्त दोनदा डिस्कवर जाऊन उत्तर. फाइल चार जीबीच्या पुढं जात नाही आणि एक ओळ बदलायची तर अख्खी फाइल पुन्हा बांधावी लागते. या दुसऱ्या गोष्टीला मी दोष मानत नाही. एकाच वेळी अनेक स्क्रिप्टांनी वाचायचं असेल तर एलएमडीबी हा डेटाबेस. ते फाइल थेट मेमरीच्या नकाशात चढवतं, त्यामुळे दहा स्क्रिप्टा चालल्या तरी पानं एकदाच मेमरीत असतात. पायथनमधून वापरताना ‘मॅप साइझ’ (फाइल जास्तीत जास्त किती वाढू शकते तो आकडा) मोठा द्या. मुळात तो फक्त १० एमबी असतो आणि फाइल भरली म्हणून ओरडायला लागतं.

मित्राचं म्हणणं खरं आहे. पिकलची फाइल नुसता डेटा नसते, उघडताना ती हवा तो कोड चालवू शकते. आपण घातलेलं लोणचं बिनधास्त खा. दुसऱ्यानं पाठवलेल्या बरणीचं झाकण उघडू नका.

प्रश्न : स्क्रिप्ट बंदच केली नाही तर? म्हणजे सकाळी एकदा यादी भरून ती बसून राहील, आणि दुसरी छोटी स्क्रिप्ट तिला विचारेल. असं करतात ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करतात. मीही केलं होतं, आणि ते मला चांगलंच लक्षात आहे.

२००९ च्या सुमाराला कारखान्यानं फॉक्सप्रो बाजूला ठेवायचं ठरवलं. काट्याचा नवा प्रोग्रॅम मी लिहिला. नव्याचा जोश होता. फाइलीतून अख्खी सभासद यादी वाचायची, मेमरीत धरायची, पावती छापायची, संपायचं. घरी दहा पावत्या करून बघितल्या, झकास वाटलं. गव्हाणीत मोळी पडली, हंगाम सुरू झाला आणि चौथ्या दिवशी गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. एका पावतीला अकरा सेकंद, भरलेल्या काट्याला एकदा आणि रिकाम्या काट्याला एकदा. अकरा सेकंद म्हणजे काहीच नाही असं ऑफिसात बसून वाटतं. रात्री दीड वाजता, बैल जुंपलेले, मागं दोनशे गाड्या, अशा माणसाला तसं वाटत नाही.

म्हणून मी तुमचीच युक्ती केली. सकाळी सहाच्या पाळीला एक प्रोग्रॅम सुरू करायचा, तो यादी मेमरीत घेऊन दिवसभर बसेल. काट्यावरचा छोटा प्रोग्रॅम त्याला सभासद क्रमांक विचारेल. पावती पापणी लवायच्या आत. रांग हटली, शेती अधिकाऱ्यांनी चहा पाजला.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी एक मुलगा ईडीपीच्या दारात उभा राहिला. हातात त्या दिवसाच्या पावत्या, रबर लावलेल्या. “ताई, आण्णांच्याच नावाची पावती येतीय अजून.” आण्णा दिवाळीच्या आधी गेले होते. वारसनोंदीचे कागद पूर्ण होऊन शेती विभागानं त्याच सकाळी दहा वाजता नाव बदललं होतं. मी फाइल उघडून बघितली, मुलाचंच नाव. पावती बघितली, वडिलांचं. माझा प्रोग्रॅम सहा वाजताची यादी घेऊन बसला होता. दहा वाजता काय घडलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायची सोयच मी केली नव्हती. पावतीवरूनच पुढं उसाचं बिल निघतं. त्या दिवशीच्या सगळ्या पावत्या हातानं दुरुस्त करून, दोन सह्या घेऊन, त्याला दिल्या. तो काही बोलला नाही. आण्णांच्या नावाची एक जुनी पावती परत मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

तेव्हा बसून राहणारा प्रोग्रॅम हवाच असेल तर आधी याचं उत्तर ठेवा: यादी बदलली हे त्याला कळणार कसं? सगळ्यात सोपं म्हणजे दर प्रश्नाच्या आधी मूळ फाइलीची ‘बदलल्याची वेळ’ बघायची. त्याला कणभरही वेळ लागत नाही. मघाच्यापेक्षा वेगळी असेल तर यादी पुन्हा भरायची. मी त्या रात्री हेच घातलं. पण मग शेती विभागात कुणी काही बदललं की पुढच्या गाडीला अकरा सेकंद, आणि शेती विभाग दिवसभर काही ना काही बदलतच असतो. शिवाय लाइट गेली की प्रोग्रॅम मेला, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला तो सुरू करता येत नव्हता. सर्व्हिस म्हणून (मशीन सुरू झालं की आपोआप चालेल असा) बसवला, तर तो मेला हेच तासभर कुणाला कळलं नाही. पुढच्या हंगामाच्या आधी मी सगळं काढून टाकलं आणि इंडेक्स असलेली फाइल डिस्कवर ठेवली. म्हणजे मी नोकरीला लागण्याआधीच जे तिथं होतं तेच.

ही युक्ती योग्य असते ती वेगळ्या जागी. जिथं एक ओळ शोधून भागत नाही, अख्खी रचनाच मेमरीत लागते. भाषांतराचं मॉडेल, गावागावांतल्या रस्त्यांचं जाळं, चुकीच्या शब्दाला जवळचे शब्द सुचवणारं झाड. ते दर वेळी भरणं परवडत नाही आणि त्याचा तुकडा वाचून चालत नाही. तुमचं तसं काही आहे का ते पत्रात लिहिलेलं नाही.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ रेडिस का नाही? आमच्या कंपनीत सगळे तेच वापरतात.
— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : रेडिस म्हणजे यादी मेमरीत धरून बसणारा तयार सर्व्हर. तुमच्या कंपनीत चाळीस मशीनं एकच यादी विचारत असतील. तिथं रेडिस शोभतं, त्यासाठीच ते आहे. २००३ सालचं मेमकॅश्ड (तशाच कामाचं) आणि २००९ सालचं रेडिस, दोन्ही अनेक मशीनं, अनेक प्रोग्रॅम आणि सतत बदलणारा डेटा असेल तिथं कामाला येतात. इचलकरंजीच्या दुकानात एका लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट आहे. तिथं रेडिस म्हणजे दोघांच्या स्वयंपाकाला आचारी. शिवाय तो आचारी सकाळी आला का, हे रोज कुणीतरी बघायचं.

मेमकॅश्ड पुन्हा सुरू केलं की सगळं विसरतं. रेडिस डिस्कवर प्रत ठेवू शकतं, पण किती वेळानं ठेवायची ते तुम्ही ठरवायचं. म्हणजे मूळ यादी कुठंतरी नीट ठेवावी लागतेच. मग तीच नीट का ठेवू नये?

(याच पत्रात फाइल रॅम-डिस्कवर, म्हणजे मेमरीतच मांडलेल्या डिस्कवर, टाकली तर, असंही विचारलंय. लिनक्सवर ‘डेव्ह-एसएचएम’ आहे, टाका. पण सीएसव्ही तिथं टाकून काही हाती लागणार नाही. वर लिहिलंय तसं, वेळ फाइल वाचण्यात नाही, ओळी तोडण्यात जातो. आणि मशीन बंद झालं की फाइल गेली.)

प्रश्न : ताई, मी एका वाचनालयाचं काम बघते. वर्गणीदारांची यादी एसक्यूलाइटमध्ये आहे, गावावर इंडेक्सही आहे. शोध पटकन होतो, पण ‘कऱ्हाड’ टाकलं की कधी सापडतं, कधी नाही. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. मी वेडी झाले आहे का?
— एक वाचिका, कऱ्हाड

उत्तर : नाही. तुमच्या यादीत दोन कऱ्हाड आहेत, आणि डोळ्यांना त्यांतला फरक दिसूच शकत नाही.

त्या आडव्या वळणाच्या र-साठी मराठीत दोन रस्ते पडले आहेत. एक, युनिकोडमधलं ०९३१ हे स्वतंत्र अक्षर ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’. दुसरा, साधा ‘र’, हलन्त, त्याच्यामागं २००डी क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह, मग ‘ह’. कीबोर्डप्रमाणे यातलं एक उमटतं. फोनवरून भरलेले वर्गणीदार एका वाटेनं आलेत, ऑफिसच्या मशीनवरून भरलेले दुसऱ्या. इंडेक्स अक्षरं बघत नाही, बाइट बघतो. त्याच्या दृष्टीनं ही दोन वेगळी गावं. एक तिसरी वाटही आहे: ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब).

लोक सांगतील, एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची रीत) करा, सगळं सारखं होतं. अर्धंच खरं आहे. नुक्तावाला ‘ऱ’ त्यानं बरोबर होतो. अदृश्य चिन्हवाला होत नाही, कारण युनिकोड त्या दोघांना एक मानत नाही. आणि घाईनं अदृश्य चिन्हं सरसकट पुसलीत तर त्याहून वाईट. ‘र’चा रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो, आणि ‘दऱ्या’ शोधणाऱ्याला ‘दर्या’ मिळतो. एकीकडे सह्याद्री, दुसरीकडे अरबी समुद्र.

म्हणून क्रम पाळा. पहिल्यांदा ‘र, हलन्त, अदृश्य चिन्ह’ हे त्रिकूट जिथं असेल तिथं ‘ऱ, हलन्त’ करा. मग एनएफसी. मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा, आणि मागचीपुढची रिकामी जागाही. हे सगळं एका वेगळ्या स्तंभात ठेवा, त्याला ‘शोधनाव’ म्हणा, इंडेक्स त्याच्यावर बांधा. वर्गणीदारानं लिहिलेलं मूळ नाव आहे तसंच राहू द्या, पावतीवर तेच छापा. शोधताना टाकलेला शब्दही याच चाळणीतून काढायचा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

‘कराड’ लिहिणारे या चाळणीतून पार होणार नाहीत. त्यांच्यासाठी एक छोटं टेबल करा: डावीकडे लोक लिहितात ते, उजवीकडे तुमचं. धाराशिव आणि उस्मानाबादही त्यातच घाला. चाळणी लावायच्या आधी आणि नंतर वेगवेगळी गावं किती निघतात ते मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.